दुसऱ्या पाळीत टॅप का तुटत होते

आमच्या कारखान्यात ॲल्युमिनियमचं एक हाउसिंग बनतं. डायकास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला कच्चा भाग, बाहेरून येतं, मशीनिंग आमच्याकडे होतं आणि सगळ्यात शेवटी त्यात एम-८ चे सहा ब्लाइंड होल टॅप करायचे असतात. टॅप म्हणजे भोकाच्या आत आटे पाडायचं टूल आणि ब्लाइंड होल म्हणजे आरपार न जाणारं भोक. त्यात टॅप तुटला की तो सहजासहजी निघत नाही. स्पार्कवर, म्हणजे विजेच्या ठिणगीनं धातू झिजवणाऱ्या मशीनवर नेऊन काढावा लागतो, नाहीतर जॉब, म्हणजे ते अख्खं हाउसिंग, भंगारात जातो. कास्टिंगचा पैसा आणि आधीच्या सगळ्या ऑपरेशनची मेहनत एका मिनिटात पाण्यात.

पुण्याच्या उत्तरेकडच्या औद्योगिक पट्ट्यात मी एकोणतीस वर्षं काम करतो आहे. सुरुवात टूलरूममध्ये झाली, आता प्रॉडक्शन इंजिनिअरिंग बघतो. हे टॅप तुटण्याचं प्रकरण काही वर्षांपूर्वीचं. गंमत वाटावी असं त्यात काही नव्हतं, पण एक गोष्ट विचित्र होती. पहिल्या पाळीत महिन्याला एखाददुसरा टॅप तुटायचा, दुसऱ्या पाळीत आठवड्याला पाच-सहा. मशीन तेच, प्रोग्राम तोच, टॅपही त्याच बॉक्समधले. आधी टॅपच्या पुरवठादाराला बोलावलं. मग कोटिंग बदललं. मग स्पिंडल, म्हणजे टूल फिरवणारा दांडा, तपासला. दुसऱ्या पाळीतली पोरं निष्काळजी आहेत असंही मीटिंगमध्ये बोलून झालं. त्याच सुमाराला कंपनीनं मशीनवर सेन्सर बसवण्याचा मोठा प्रकल्प घेतला होता. ऑफिसात भिंतीवर स्क्रीन लागला. कुठल्या मिनिटाला स्पिंडलवरचा लोड चढला, ते त्यावर लाल रंगात दिसायचं. संध्याकाळी सातनंतर लोड चढतो, हे आम्हाला आता अगदी अचूक कळत होतं. का चढतो, ते मात्र स्क्रीन सांगत नव्हता.

ते सांगितलं ठेकेदाराकडून आलेल्या एका मुलानं. मराठवाड्यातला, आयटीआय टर्नर, आमच्याकडे पाचवा महिना. मी रात्री राउंडला गेलो तेव्हा म्हणाला, "सर, सेकंडला कूलंट हाताला चिकटत नाही. नुसतं पाणी लागतं."

कूलंट म्हणजे कापताना टूलवर सोडायचं तेल-पाण्याचं मिश्रण. त्यातलं तेलाचं प्रमाण मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आणला, काचेवर थेंब टाकला. सकाळी आठ टक्के असलेलं कूलंट रात्री नऊ वाजता साडेतीनवर आलं होतं. ॲल्युमिनियमला वंगण कमी पडलं की ते टॅपच्या दातांना वितळल्यासारखं चिकटतं. दात भरतात, टॉर्क चढतो आणि टॅप तुटतो. आता कूलंट पातळ का व्हायचं? दिवसभर चिपबरोबर टाकीतलं कूलंट वाहून जातं, पाणी उडून जातं, पातळी उतरते. ती भरायची तर तेल आणि पाणी प्रमाणात मिसळून भरायला हवी. तेलाचा ड्रम मेन स्टोअरमध्ये, आणि स्टोअर साडेपाचला बंद होतं. त्यानंतर पातळी उतरली की हेल्पर पाइप लावून नुसतं पाणी सोडायचा. दुसरं तो करणार तरी काय? तपासणी दिवसातून एकदाच व्हायची, सकाळी सातला, नवं मिश्रण टाकल्यावर. त्यामुळे रजिस्टरमध्ये वर्षभर रोज 'आठ' लिहिलेलं होतं आणि ते खरंही होतं.

त्या मुलानंच उपाय केला. पाचच्या आत स्टोअरमधून वीस लिटरचा कॅन भरून आणायचा आणि मशीनच्या मागं ठेवायचा. टॅप तुटायचे थांबले.

पुढं जे झालं त्यासाठी हा लेख लिहितो आहे. कंपनीच्या सूचना योजनेत ही सुधारणा नोंदवायला मी बसलो. सॉफ्टवेअरनं टोकन नंबर, म्हणजे कंपनीच्या कायम कामगाराचा क्रमांक, मागितला. कंत्राटी कामगाराला टोकन नंबर नसतो, ठेकेदाराचा गेटपास असतो, आणि तो नंबर सॉफ्टवेअर घेईना. शेवटी सूचना माझ्या नावावर गेली. त्या वेळी मी घाईत होतो, विरोध केला नाही, याची मला आजही लाज वाटते. दोन महिन्यांनी त्या मुलाला ब्रेक मिळाला, म्हणजे काम बंद करून घरी पाठवलं. मी दुसऱ्या लाइनवर गेलो. मग ग्राहकाची भेट ठरली, त्याआधी फाइव्ह-एसचं, म्हणजे कामाच्या जागेच्या नीटनेटकेपणाचं ऑडिट झालं. मशीनमागच्या कॅनला लेबल नव्हतं, लेआउटमध्ये त्याची जागा दाखवलेली नव्हती. त्याला नको असलेल्या वस्तूचा लाल टॅग लागला आणि तो भंगार-यार्डात गेला. टॅप पुन्हा तुटायला लागले. जी गोष्ट आम्हाला एकदा कळलेली होती, ती पुन्हा शोधायला पाच आठवडे गेले.

देशात सध्या नवोन्मेषावर भरपूर बोललं जातं. भारत संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्केच खर्च करतो, चीन अडीच टक्क्यांच्या आसपास आणि दक्षिण कोरिया चार टक्क्यांच्या वर, ही तुलना प्रत्येक परिसंवादात ऐकू येते. आपल्याकडच्या खर्चात खासगी उद्योगांचा वाटा जेमतेम एक-तृतीयांशाच्या थोडा वर आहे, ही तक्रारही रास्त आहे. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्रानं संशोधन आणि नवोन्मेषासाठी एक लाख कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. ती यशस्वी व्हावी असं मला मनापासून वाटतं. पण त्यातला एक रुपयाही त्या कूलंटच्या टाकीपर्यंत पोचणार नाही. अभियांत्रिकी उद्योगात नवं जे घडतं त्याचा मोठा भाग प्रयोगशाळेत घडतच नाही. जॉब पकडून ठेवणाऱ्या फिक्स्चरचा एक पिन हलवला, क्लॅम्पिंगचा क्रम बदलला, डायचा व्हेंट थोडा खोल केला, अशा हजार गोष्टींतून कारखाना शहाणा होतो. हे शहाणपण माणसांच्या हातात आणि कानात असतं. ज्यांच्याकडे ते असतं त्यांनाच आपण ठरवून घालवतो आहोत. आपल्या कारखान्यांच्या तंत्रज्ञान-व्यवस्थापनातली आजची सगळ्यात मोठी चूक हीच आहे, असं माझं ठाम मत आहे.

ही एका कारखान्याची गोष्ट नाही. सरकारच्याच वार्षिक उद्योग पाहणीत दिसतं की संघटित कारखान्यांमधल्या कामगारांत कंत्राटी कामगारांचा वाटा या शतकाच्या सुरुवातीला २० टक्क्यांच्या आसपास होता. आता तो ४० टक्क्यांवर गेला आहे. चाकण, रांजणगाव, भोसरीत सकाळी साडेसहाला बसथांब्यांवर उभं राहिलं की हा आकडा डोळ्यांनी दिसतो. वेगवेगळ्या ठेकेदारांच्या रंगांचे टी-शर्ट घातलेली विशीतली पोरं, प्रत्येकाच्या गळ्यात गेटपास. यातली किती जण पुढच्या दिवाळीला त्याच मशीनवर असतील? वर्षात २४० दिवस भरले की कायद्यानं सलग सेवा धरली जाते, म्हणून ते भरायच्या आत ब्रेक द्यायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. सहा-सात महिन्यांत पोरगा मशीनचा आवाज ओळखायला लागतो आणि नेमका तेव्हाच त्याचा हिशेब होतो.

पुण्याच्या या पट्ट्याचा पाया कसा घातला गेला, ते या संदर्भात आठवायला हवं. टेल्कोचं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचं, पुण्यातलं काम १९६६ मध्ये सुरू झालं. कंपनीची धुरा सांभाळणाऱ्या सुमंत मुळगावकरांनी तिथं आधी ट्रकची असेंब्ली लाइन टाकली नाही. आधी मशीन टूल्स, डाय आणि जिग-फिक्स्चर स्वतः बनवण्याची सोय केली. अप्रेंटिस मुलांना फाइल कशी धरायची इथपासून शिकवणारं प्रशिक्षण केंद्र उभारलं. त्याच वर्षी कंपनीचं संशोधन केंद्रही पुण्यात आलं. पुण्यातून पहिलं व्यावसायिक वाहन बाहेर पडलं ते १९७७ मध्ये. अकरा वर्षं! आजच्या कुठल्या संचालक मंडळासमोर अकरा वर्षांचा असा प्रस्ताव ठेवता येईल? दरम्यान १९६९ मध्ये डाइम्लर-बेंझबरोबरचा करार संपला होता, म्हणजे विचारायला कुणी उरलं नव्हतं. ऐंशीच्या दशकात टोयोटा, निस्सान, माझदा आणि मित्सुबिशी या चार जपानी कंपन्या भारतीय भागीदारांबरोबर हलके ट्रक घेऊन आल्या, तेव्हा टेल्कोचं काही खरं नाही असंच अनेकांना वाटत होतं. १९८६ मध्ये ४०७ आली आणि तिनं त्या चौघांना मागं टाकलं. आजही भाजीच्या मार्केटपासून गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत ती दिसते. तिचं श्रेय डिझाइनला आहेच, पण ते डिझाइन धातूत उतरवणारे टूलमेकर वीस वर्षं त्याच छताखाली तयार झाले होते. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते आमचे टूलरूमचे मिस्त्री त्याच काळातल्या अप्रेंटिस शाळेतून आलेले. पृष्ठभागावरून नख फिरवून ते ग्राइंडिंगची चूक सांगायचे. मी नंतर मोजून बघायचो, तर ती तिथंच असायची.

त्याहूनही मागं जाता येतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळरानावर वाडी वसवली, ती नुसत्या कारखान्यासाठी नाही, काम करणाऱ्यांनी तिथं राहावं म्हणून. शंभूराव जांभेकरांसारखे पदवी नसलेले कारागीर त्या कारखान्याचा कणा होते. पण या कथा आपण भाषणात वापरून गुळगुळीत केल्या आहेत, म्हणून जास्त लांबवत नाही.

परदेशाचं उदाहरण द्यायचं तर टोयोटाचं देतो, कारण आपल्या प्रत्येक कारखान्याच्या भिंतीवर तिथल्याच शब्दांचे तक्ते लावलेले असतात. कायझेन म्हणजे सतत छोट्या सुधारणा, पोका-योके म्हणजे चूक होऊच न देणारी रचना, अँडॉन म्हणजे दोरी ओढून अडचण कळवण्याची, लाइन थांबवण्याची सोय. १९५० मध्ये टोयोटा जवळजवळ बुडाली होती. कामगार कपात झाली, मोठा संप झाला, अध्यक्ष किइचिरो टोयोडा यांना पायउतार व्हावं लागलं. त्यातून बाहेर पडताना कामगार आणि कंपनी यांच्यात जे नातं बनलं, त्यात उरलेल्या कामगाराच्या नोकरीची शाश्वती हा पाया होता. कामगारांकडून सूचना घेण्याची त्यांची प्रसिद्ध योजना १९५१ मधली, म्हणजे या सगळ्याच्या लगेच नंतरची. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. माणसाला उद्याची खात्री असेल तर तो आजची चूक दाखवतो. आपण तक्ते आणले, दोरी आणली, पण ती ओढण्याची हिंमत ज्यातून येते ते आणलं नाही. टोयोटाही आज मुदतीवरचे कामगार घेते, हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्याभोवती वर्षानुवर्षं टिकलेले टीम लीडर असतात आणि शिकलेलं ते धरून ठेवतात. आमच्या लाइनवर पिवळी दोरी आहे. वाईट कास्टिंग दिसलं तर ती ओढून लाइन थांबवायची. कंत्राटी मुलाला मी एकदा विचारलं, तू कधी ओढलीस का? म्हणाला, "लाइन थांबली तर नाव येतं ना, सर." त्याचं चुकलं असं मी म्हणू शकलो नाही.

कारखानदारांची बाजू मला चांगली माहीत आहे, ती खोटी नाही. छोट्या-मध्यम पुरवठादाराला मोठी वाहन कंपनी दरवर्षी दर कमी करायला सांगते. शेड्यूल महिन्यात तीन वेळा बदलतं. दिवाळीआधी अडीच पट माल हवा असतो आणि जानेवारीत अर्धा. अशा वेळी पगाराचा बोजा कायम ठेवणं जिवावर येतं. शिवाय एक गोष्ट उघडपणे कुणी बोलत नाही. आम्ही डोकं चालवून सायकल टाइम कमी केला, नगामागं दोन रुपये वाचवले, तर पुढच्या दरबोलणीत ग्राहकाचा खरेदी विभाग तेच दोन रुपये काढून घेतो. ड्रॉइंग त्यांचं, डायही बहुतेक वेळा त्यांचा. मग पुरवठादारानं नवं काही शोधायचं कशासाठी? मी असे मालक पाहिले आहेत की ज्यांच्याकडे उत्तम सुधारणा तयार आहे, पण ऑडिटच्या दिवशी ते तो फिक्स्चर ताडपत्रीखाली झाकून ठेवतात. शोध लपवावा लागतो अशी ही व्यवस्था आहे, आणि ती मोडण्याची जबाबदारी वरच्या टोकाला बसलेल्या कंपन्यांची आहे. पुरवठादारानं केलेल्या बचतीतला निम्मा वाटा तीन वर्षं त्याच्याकडेच राहील, एवढं एक कलम खरेदी-करारात आलं तरी भोसरीतल्या गाळ्यांमधून किती गोष्टी ताडपत्रीबाहेर येतील!

पण सगळं ग्राहकावर ढकलूनही चालणार नाही. आमच्याकडे कंत्राटी मजुरीतून जे वाचतं आणि रिजेक्शन, तुटलेली टूल्स, पुन्हा पुन्हा दिलेलं ट्रेनिंग यात जे जातं, त्याचा हिशेब एका कागदावर कधी मांडलाच जात नाही. मजुरी एका खात्यात, भंगार दुसऱ्या खात्यात. मी माझ्या लाइनपुरता तो मांडून पाहिला. अनुभवी मुलगा जाऊन नवा आला की पहिले सहा आठवडे रिजेक्शन चढतं, हे दर वेळी दिसलं. व्यवस्थापनानं तो कागद बघितला. मजुरीचं बजेट मनुष्यबळ विभागाचं आणि रिजेक्शनचं उत्पादन विभागाचं, म्हणून त्यावर निर्णय कुणी घ्यायचा हेच ठरलं नाही.

आम्हा इंजिनिअर लोकांचाही यात दोष आहे. पदवी घेऊन आलेला मुलगा हल्ली दीड-दोन वर्षांत नोकरी बदलतो, म्हणजे तोही एका अर्थानं मुदतीवरच असतो. त्याला सॉफ्टवेअर येतं, प्रेझेंटेशन उत्तम येतं, पण कूलंटमध्ये हात घालायचा संकोच असतो. आणि भाषा? कायझेनचा फॉर्म इंग्रजीत, वर्क इन्स्ट्रक्शन इंग्रजीत, काम करणारा जालन्याचा किंवा बिहारमधल्या सिवानचा. ज्याला कळलंय त्याला लिहिता येत नाही आणि ज्याला लिहिता येतं त्याला कळलेलं नसतं. आम्ही एका लाइनवर फॉर्म काढून टाकला. लाइन लीडरनं मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायचा, मराठीत किंवा हिंदीत, जसं सुचेल तसं. आलेल्या सूचना मोजल्या तर दुप्पट भरल्या. नवं मशीन नाही, सल्लागार नाही, खर्च शून्य.

राज्य सरकारच्या हातातही बरंच आहे. आपली सामूहिक प्रोत्साहन योजना साठच्या दशकापासून वेगवेगळ्या रूपांत चालू आहे. त्यातला लाभ मुख्यतः स्थिर भांडवली गुंतवणुकीवर मोजला जातो: जमीन, इमारत, यंत्रं. रोजगारात स्थानिक किती, हे विचारलं जातं आणि ते योग्यच आहे. पण तो स्थानिक मुलगा त्या कारखान्यात किती काळ टिकला, कुठल्या कौशल्याच्या पायरीवर चढला, हे कुणी विचारत नाही. पाच कोटींच्या मशीनवर सवलत मिळते, ते मशीन ओळखणारा माणूस तीन वर्षं टिकवला तर काहीच मिळत नाही. सवलतीचा एक हिस्सा टिकलेल्या माणसांवर मोजा, अशी माझी साधी मागणी आहे. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदींवरून माणूस किती काळ टिकला ते तपासता येतं, नवी यंत्रणा लागत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यात मुदतीवरच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला आहे. चांगलं झालं. मात्र मुदतीवरची नेमणूक म्हणजे दर वर्षी नवा चेहरा, असाच तिचा अर्थ कारखाने लावणार असतील, तर मुलाच्या खिशात चार पैसे जास्त पडतील आणि लाइन तितकीच विसराळू राहील.

ऑटोमेशन आलं की हा प्रश्न आपोआप सुटेल, असं मला वारंवार ऐकवलं जातं. रोबो ब्रेकवर जात नाही, हे खरं. पण आमच्याकडच्या पहिल्या रोबोचा ग्रिपर कास्टिंगच्या बरमुळे, म्हणजे कडेला राहिलेल्या धारदार जास्तीच्या धातूमुळे, अडकायचा. बर साच्याच्या कुठल्या कॅव्हिटीतून येते हे ट्रिमिंगवरच्या बाईंना माहीत होतं, प्रोग्रामरला नव्हतं. त्या तिथं नऊ वर्षं होत्या म्हणून ते कळलं. जितकं महाग मशीन, तितका त्याच्याजवळचा माणूस जुना हवा, असा माझा अनुभव आहे. जर्मनीतले मध्यम आकाराचे कारखाने रोबो भरपूर वापरतात आणि तरीही साडेतीन वर्षांची अप्रेंटिसशिप सोडत नाहीत, ते हौसेनं नाही.

तो मुलगा आता कुठं आहे ते मला माहीत आहे. गावाजवळ त्यानं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज टाकलं आहे, मधूनमधून फोन येतो. मशीनमागच्या कॅनला आम्ही आता लेबल लावलं आहे, लेआउटमध्ये त्याची जागा आखली आहे, दुसऱ्या पाळीतही कूलंट तपासायला लावलं आहे आणि स्टोअरची एक किल्ली पाळीच्या सुपरवायझरकडे असते. सूचनेच्या फॉर्ममधली टोकन नंबरची अट मात्र अजून तशीच आहे. ती काढून गेटपासचा नंबर चालू करा, म्हणून मी मागच्या आठवड्यात तिसऱ्यांदा लिहून दिलं. सोबत त्या जुन्या सूचनेवरचं माझं नाव काढून त्याचं घालावं, असंही लिहिलं आहे.